जोड-प्रतिजैविकांचा सरसकट कैवार: एक प्रतिवाद

गंभीर जंतुसंसर्गाने ग्रासलेला रोगी रुग्णालयात दाखल होताच, जंतू कोणता, तो शरीराच्या कोणत्या भागात ठाण मांडून बसला आहे आणि कोणत्या औषधापुढे त्याचे चालत नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचा छडा लावण्याची तजवीज न करता, दोन औषधे एका कुपीत बांधलेले एखादे जोड-प्रतिजैविक शिरेतून सुरू करावे, आणि ताप उतरेपर्यंत अथवा नातेवाइकांजवळचा पैसा सरेपर्यंत ते तसेच चालू ठेवावे, ही रीत आपल्याकडे आता इतकी रूढ झाली आहे की, तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यालाच आपली कैफियत मांडावी लागते. ही रीत पाळणारे सारे अडाणी किंवा स्वार्थी आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळजण रात्री-अपरात्री रोग्याच्या उशाशी उभे राहणारे कष्टाळू व सहृदय डॉक्टर आहेत. म्हणूनच त्यांचा पक्ष दुबळा करून मांडावा आणि मग तो सहज खोडून काढावा, हा उद्योग आम्हांला करावयाचा नाही. तो पक्ष त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी पुढे ठेवून मगच त्याचे खंडन करणे, हा प्रतिवादाचा सरळ मार्ग होय.

त्यांचे म्हणणे असे. गंभीर संसर्गात वेळ हाच प्राण असतो. रक्तातील जंतू वाढवून त्याची ओळख पटण्यास दोनतीन दिवस लागतात, आणि तेवढी मुदत मृत्यू देत नाही. सबब जो काही मारा करावयाचा तो पहिल्याच तासात आणि सर्व बाजूंनी केला पाहिजे. दुसरे असे की, एक औषध चुकले तरी दुसरे लागू पडेल, म्हणून एकापेक्षा दोन औषधे केव्हाही बरी. तिसरे असे की, ज्या कुप्या परवान्यानिशी राजरोस विकल्या जातात, त्यांची पारख सरकारने करूनच घेतली असणार. मग त्या वापरणाऱ्या डॉक्टराला जाब विचारण्याचे कारण काय? आणि चौथे, जे सर्वांत हृदयाला भिडणारे आहे, ते असे की, तालुक्याच्या गावी जंतुपरीक्षेची सोय नाही, रोगी गरीब आहे, मोठ्या शहरातील रुग्णालयापर्यंत पोचण्याची त्याची ऐपत नाही. अशा स्थितीत शास्त्रशुद्धतेचा आग्रह धरणे ही शहरातल्या सुखवस्तू मंडळींची चैन आहे.

या चारही मुद्द्यांना उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचा वाद जोड-प्रतिजैविकांशी नाही. पेनिसिलीन रोग्यांच्या हाती सर्रास पडण्याच्याही आधी, 1940 साली, एब्रहॅम आणि चेन या संशोधकांनी जंतूंमध्ये पेनिसिलिनाचा नाश करणारे विकर असते हे दाखवून दिले होते; आणि पुढे याच विकराला निष्प्रभ करणारी क्लॅव्हुलॅनिक आम्ल, सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम यांसारखी द्रव्ये हाती आली, तेव्हा त्यांची सांगड मूळ प्रतिजैविकाशी घालण्यात औषधशास्त्राचा एक खराखुरा पराक्रम होता. इमिपेनेमचा मूत्रपिंडात नाश होतो, तो टाळण्यासाठी त्याच्याबरोबर सायलास्टॅटिन द्यावे लागते. तेथे जोडीशिवाय गत्यंतरच नाही. क्षयरोगात तर एकट्या स्ट्रेप्टोमायसिनाने रोगी आधी सुधारतो आणि मग जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, हा कटू अनुभव 1940च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये आला; दुसरे औषध जोडताच प्रतिरोध आटोक्यात आला हे तेथेच सिद्ध झाले; आणि आपल्या मद्रासच्या क्षयरोग केंद्राने 1959 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हीच संयुक्त चिकित्सा गरिबाच्या घरीही यशस्वी होते हे साऱ्या जगाला पटवून दिले. ज्याच्यामागे कारण आहे, प्रमाण आहे आणि प्रयोगाचा दाखला आहे, त्या जोडीचे आम्ही कृतज्ञतेने स्वागत करतो. आमचा विरोध आहे तो कारणावाचून, प्रमाणावाचून आणि दाखल्यावाचून केल्या जाणाऱ्या सरसकट वापराला.

आता दुसरा मुद्दा प्रथम घेऊ, कारण बाकीचे सारे त्याच्या आधारावर उभे आहेत. एकापेक्षा दोन औषधे केव्हाही बरी, हे विधान सहजबुद्धीला पटणारे असले तरी अनुभवाने ते खोटे ठरविले आहे, आणि तेही आजकाल नव्हे. 1951 साली लेपर आणि डाउलिंग या अमेरिकन डॉक्टरांनी न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहात पेनिसिलीनबरोबर ऑरिओमायसिन देऊन पाहिले, तेव्हा एकट्या पेनिसिलीनवर ठेवलेल्या रोग्यांपेक्षा या जोडीवर ठेवलेल्यांत मृत्यूचे प्रमाण दुपटीहून अधिक भरले. कारण सांगण्यास सोपे आहे: पेनिसिलीन वाढणाऱ्या जंतूलाच मारते आणि ऑरिओमायसिन त्याची वाढच थांबविते, म्हणजे एक औषध दुसऱ्याच्या कार्याची जागाच नाहीशी करते. 2004 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 64 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; सेप्सिसच्या रोग्यांत बीटा-लॅक्टम गटाच्या औषधाला अमिनोग्लायकोसाइडची जोड दिल्याने मृत्यू कमी होतात काय, हा प्रश्न तेथे होता. मृत्यू कमी झाले नाहीत. मूत्रपिंडाची इजा मात्र वाढली. कार्बापेनेमलाही न जुमानणाऱ्या जंतूंवर एकटे कोलिस्टिन आणि कोलिस्टिनसह मेरोपेनेम यांची तुलना इस्रायल, ग्रीस व इटली या देशांत 406 रोग्यांवर करण्यात आली. 2018 साली तिचा निकाल बाहेर आला, आणि तेथेही जोडीने मृत्यू टळल्याचे दिसले नाही. अपवाद आहेत, आणि ते आम्ही लपविणार नाही: एन्टरोकोकस जंतूने हृदयाच्या झडपा पोखरल्या असता पेनिसिलीन गटाच्या औषधाला अमिनोग्लायकोसाइडची जोड देणे हे दशकानुदशके मान्य झालेले शास्त्र आहे. परंतु अपवाद ओळखण्यासाठी जंतू ओळखावा लागतो, आणि जंतू ओळखण्याचे कष्ट तर या रीतीच्या कैवाऱ्यांना नकोच आहेत.

शिवाय एका कुपीत दोन द्रव्ये आहेत एवढ्यावरून ती दोन स्वतंत्र प्रतिजैविके आहेत असे समजणे ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम यांचे काम मुख्यतः जंतूच्या विकराला अडवून ठेवण्याचे. जंतूला मारण्याचे काम जोडीतल्या दुसऱ्या औषधाचे. अॅसिनेटोबॅक्टर या एका जंतूवर सल्बॅक्टमचा स्वतःचा प्रभाव आहे, हे खरे. पण तो प्रभाव सगळ्या जंतूंना लागू करता येत नाही. आणि विकराला अडविण्याचे काम तेव्हाच साधते, जेव्हा दोन्ही द्रव्ये शरीरात एकाच वेळी पुरेशा प्रमाणात असतात. पायपरॅसिलिन आणि टॅझोबॅक्टम या दोघांचेही रक्तातील प्रमाण साधारण एका तासात निम्मे होते. म्हणून ती जोडी जुळलेली आहे आणि दिवसातून तीनचार वेळा दिली की तिचे कार्य चालते. परंतु आपल्याकडे गल्लोगल्ली विकल्या जाणाऱ्या, एक ग्रॅम सेफ्ट्रायाक्सोन आणि अर्धा ग्रॅम सल्बॅक्टम यांच्या कुपीकडे पाहा. सेफ्ट्रायाक्सोन निम्मे होण्यास सहा ते नऊ तास लागतात, तर सल्बॅक्टमला सुमारे एक तास. मूत्रपिंडे धड असलेल्या माणसाला हे इंजेक्शन दिल्यावर सहा तासांनी सेफ्ट्रायाक्सोन निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक शिल्लक असते आणि सल्बॅक्टम चौसष्टाव्या हिश्श्यावर येऊन ठेपलेले असते. हे औषध बहुधा बारा तासांनी, पुष्कळदा चोवीस तासांनी दिले जाते. रात्रभर गस्त घालण्यासाठी नेमलेल्या दोन पहारेकऱ्यांपैकी एक पहिल्याच प्रहरी घरी निघून जावा, तसा हा प्रकार आहे. आणि बाकीची रात्र ज्या एका औषधावर काढली जाते, त्याचा नाश करणारे विकर जंतूकडे आहे या भीतीपोटीच तर ही जोडी निवडलेली असते!

याच विचाराची दुसरी बाजू मूत्रपिंडाच्या रोग्यात दिसते. सेफोपेराझोन हे मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते आणि सल्बॅक्टम मूत्रावाटे. दोन्ही एकाच कुपीत ठरावीक प्रमाणात बांधलेली असल्यामुळे, मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसात सल्बॅक्टम साचू नये म्हणून मात्रा कमी करावी तर सेफोपेराझोन अपुरे पडते, आणि सेफोपेराझोन पुरेसे द्यावे तर सल्बॅक्टम अधिक होते. त्यात सेफोपेराझोनमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड होण्याचा संभव असतो, आणि तो नेमका अशक्त, उपाशी व दीर्घकाळ आजारी माणसात जास्त. हे औषध वापरूच नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र ते मनात येईल त्याला द्यावे असे नाही, एवढे तरी कबूल व्हावे.

यावर कोणी म्हणेल की, पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमची जोडी तर जुळलेली आहे, मग ती तरी निःशंकपणे द्यावी. येथे ‘मेरिनो’ या नावाने ओळखली जाणारी चाचणी ध्यानात घ्यावी लागते. नऊ देशांतील रुग्णालयांत, सेफ्ट्रायाक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात सापडलेल्या रोग्यांपैकी काहींना ही जोडी आणि काहींना एकटे मेरोपेनेम देण्यात आले. प्रयोगशाळेत हे जंतू या जोडीला दाद देतात असे दिसले असतानाच त्या रोग्यांना चाचणीत घेतलेले होते. तीस दिवसांत मेरोपेनेमच्या गटातील 3.7 टक्के रोगी दगावले, आणि जोडीच्या गटातील 12.3 टक्के. 2018 साली हा निकाल प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेच्या पद्धतीवर नंतर काही आक्षेप निघाले आणि फेरतपासणीत हा फरक काहीसा कमी भरला, हेही आम्ही येथे नमूद करतो. तथापि ही जोडी मेरोपेनेमच्या तोडीची आहे असे त्यातून सिद्ध झाले नाही ते नाहीच. यावरून सर्वांना मेरोपेनेम द्यावे असा निष्कर्ष जो काढील तो आमचे म्हणणे उलटे समजला. आमचे म्हणणे एवढेच की, कुपीवर किती नावे छापली आहेत यावरून औषधाचे बळ ठरत नाही. ते रोग्याच्या रक्तात सापडलेल्या जंतूवरून ठरते.

जी नवी व महागडी जोडी आज ‘शेवटचे औषध’ म्हणून नातेवाइकांपुढे ठेवली जाते, तिचीही हीच कथा आहे. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम हे खरोखर मोलाचे औषध आहे. परंतु अॅव्हिबॅक्टमचा इलाज एनडीएम या धातुयुक्त विकरापुढे चालत नाही, आणि हे विकर ज्या भूमीत मोठ्या प्रमाणावर आढळते ती भूमी आपली आहे. 2010 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच रोग्यांत त्याचा आढळ झाल्याचे एका भारतीय वैद्यकीय मासिकात प्रसिद्धपणे सांगितले होते. इशारा केवळ बाहेरून आला नव्हता, घरातूनही आला होता. जंतूकडे एनडीएम आहे की नाही हे न पाहता ही जोडी एकटीच सुरू केली, तर पुष्कळ घरांची आयुष्यभराची पुंजी अशा औषधावर खर्च होईल की ज्याचा त्या रोग्याला उपयोग होण्याचा संभवच नव्हता. अॅझ्ट्रिओनामची जोड दिल्यास तेथेही मार्ग निघतो. पण तो मार्ग परीक्षेच्या दारातूनच जातो.

आता वेळेचा मुद्दा घेऊ. रक्तदाब कोसळलेल्या, श्वास लागलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या रोग्याला तासाभराच्या आत प्रतिजैविक मिळाले पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि त्या पहिल्या मात्रेला विस्तृत प्रभावाचे औषध निवडण्यासही आमची हरकत नाही. पण त्या पहिल्या तासाच्या नावावर पुढचे दहा दिवस मागून घेणे, हे आम्हांला मान्य नाही. पहिल्या इंजेक्शनापूर्वी शिरेतून रक्त काढून कल्चरच्या बाटलीत भरण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आणि तेच रक्त इंजेक्शनानंतर काढले तर त्यातील जंतू पुष्कळदा सापडतच नाही. म्हणजे जी घाई जीव वाचविण्यासाठी केली असे सांगितले जाते, तिच्यात पुराव्याचा मात्र नाश होतो, आणि मग ‘कल्चरमध्ये काही आले नाही’ या सबबीवर तेच औषध बेमुदत चालू राहते. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी रोग्याची पुन्हा पूर्ण तपासणी करून, निष्कर्ष पाहून, औषध अरुंद करावे, बदलावे किंवा बंद करावे, हा नियम जगभर मान्य आहे. ज्या रुग्णालयाच्या केसपेपरवर अशा फेरविचाराची एकही नोंद सापडत नाही, त्याने वेळेच्या अभावाचा दाखला देऊ नये.

पुष्कळ वेळा तर असे होते की, जोडीचा मारा सर्व बाजूंनी केला असे समजून डॉक्टर निश्चिंत होतात, आणि ज्या बाजूने शत्रू येतो ती बाजू मोकळीच राहते. पावसाळ्यानंतर तापाने फणफणलेला शेतकरी किंवा शेतमजूर रुग्णालयात येतो. त्याला स्क्रब टायफस असतो. आणि हा रोग उत्पन्न करणाऱ्या जंतूवर पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, सेफोपेराझोन-सल्बॅक्टम किंवा मेरोपेनेम यांपैकी एकही औषध चालत नाही. विदर्भाने 2018 साली या रोगाचा तडाखा सोसला आहे. तेथे उपाय आहे तो डॉक्सिसायक्लिनचा, जे अत्यंत स्वस्त औषध आहे. कोकणात दरवर्षी पावसाबरोबर येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसलाही पेनिसिलीन, सेफ्ट्रायाक्सोन किंवा डॉक्सिसायक्लिन ही जुनी, एकेरी औषधेच पुरेशी पडतात. अंगावर, काखेत किंवा जांघेत स्क्रब टायफसचा काळा खपलीसारखा डाग आहे काय, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. रोग्याचे कपडे सारून त्याला नीट तपासावे लागते. हजारो रुपयांच्या कुप्या टोचीत असताना काही रुपयांचे योग्य औषध न दिल्यामुळे माणूस दगावणे, ही आपल्या वैद्यकीला लाजिरवाणी गोष्ट आहे.

आणि याच रोगाने खरी जोडी कशी असते हेही आपल्याला शिकविले आहे. भारतातील सात रुग्णालयांत गंभीर स्क्रब टायफसच्या रोग्यांवर शिरेतून डॉक्सिसायक्लिन, शिरेतून अॅझिथ्रोमायसिन आणि दोन्ही मिळून, अशी तिहेरी तुलना करण्यात आली. 2023 साली तिचा निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. मृत्यू, न हटणारी गुंतागुंत किंवा न उतरणारा ताप, यांपैकी काही ना काही वाट्याला येणाऱ्यांचे प्रमाण एकेरी औषधांवर 47 व 48 टक्के, आणि जोडीवर 33 टक्के भरले. मृत्यूंच्या संख्येत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि संशोधकांनी तसे प्रामाणिकपणे सांगितले. रोग ठरलेला, जंतू ठरलेला, तुलना निःपक्षपाती, लाभ मोजलेला आणि मर्यादा कबूल केलेली: जोडीला आमच्याकडून मान हवा असेल, तर तिने हा दाखला आणावा. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीने शोधलेले एन्मेटॅझोबॅक्टम सेफेपिमशी जोडून, आंतरराष्ट्रीय चाचणीतून तावून-सुलाखून, 2024 साली अमेरिकेत मंजूर झाले. वोक्हार्टच्या संशोधकांनी झिडेबॅक्टम शोधून तेही सेफेपिमबरोबर कठोर चाचण्यांतून नेले. भारतीय बुद्धीला या क्षेत्रात काय साधते हे यावरून दिसते, आणि म्हणूनच कोणतीही दोन द्रव्ये एकत्र करून नवे नाव छापण्याचा धंदा त्या बुद्धीचा अपमान आहे असे आम्हांला वाटते.

येथून आपण तिसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे परवान्याच्या भरवशावर येतो. आपल्या कायद्याप्रमाणे दोन औषधांचे नवे मिश्रण हे नवीन औषधच मानले जाते आणि त्याला केंद्रीय औषध नियंत्रकाची पूर्वमंजुरी लागते. व्यवहारात काय घडले? मे 2012 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या एकोणसाठाव्या अहवालात नमूद केले की, केंद्राची मंजुरी नसतानाही काही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी अशा मिश्रणांना परवाने दिले. 2007 ते 2012 या काळात भारतात विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांच्या 118 मिश्रणांची छाननी ब्रिटनमधील संशोधकांनी केली, तेव्हा त्यांपैकी 75 मिश्रणांना, म्हणजे 64 टक्क्यांना, केंद्रीय मंजुरी नव्हती. 10 मार्च 2016 रोजी केंद्र सरकारने 344 मिश्रणांवर बंदीचा हुकूम काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो रद्द केला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञ मंडळाकडे सोपविले. आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणे अखेर बंद झाली. ऑगस्ट 2024 मध्ये आणखी 156 मिश्रणांवर बंदी आली. ही सारीच प्रतिजैविके नव्हती आणि सारी इंजेक्शनेही नव्हती, हे खरे; पण जी औषधे वर्षानुवर्षे परवान्यानिशी विकली गेली, त्यांना सरकारनेच मागाहून अहितकारक किंवा निष्कारण ठरवावे, यावरून परवाना हा गुणवत्तेचा जामीन नव्हे एवढे तर सिद्ध होतेच. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या प्रतिजैविकांच्या वर्गवारीत, ज्यांच्या वापराला पुरावा नाही अशा मिश्रणांसाठी ‘शिफारस नाही’ असा वेगळा गट ठेवला आहे. 1 मार्च 2014 पासून अंमलात आलेल्या ‘एच-वन’ अनुसूचीप्रमाणे त्यात नमूद केलेली प्रतिजैविके विकताना डॉक्टराचे व रोग्याचे नाव आणि औषधाचे प्रमाण औषधविक्रेत्याने नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. हा नियम किती दुकानांतून अक्षरशः पाळला जातो, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्या गावच्या मेडिकलमध्ये उभे राहून स्वतःच्या मनाशी द्यावे.

आता राहिला गरिबीचा मुद्दा, आणि तो आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो. तालुक्याच्या गावी साधने कमी आहेत, ही वस्तुस्थिती आहे; परंतु साधने कमी असली की महागडी जोडी द्यावी, हे अनुमान तिच्यातून निघत नाही. डेन्मार्कच्या ग्रॅम यांनी 1884 साली सांगितलेली रंगपद्धती आजही एका सूक्ष्मदर्शकावर आणि थोड्याशा रंगावर होते. फोडातला पू, मेंदूच्या आवरणातील पाणी किंवा थुंकी यांत जंतूचा रंग व आकार कोणता आहे हे अर्ध्या तासात कळते, आणि तेवढ्यावरून अर्धी औषधे बाद ठरतात. रक्त भरलेली कल्चरची बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना करता येते. विषमज्वराला बहुधा एकटे सेफ्ट्रायाक्सोन पुरते. पेनिसिलीनला दाद देणाऱ्या न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाला पेनिसिलीनच पुरते. स्टॅफिलोकोकस जंतू संवेदनशील असेल, तर क्लॉक्सॅसिलिन किंवा सेफॅझोलिन हीच त्यावरची सर्वोत्तम औषधे होत. गरिबाची कणव ज्याला खरोखर आहे, त्याने त्याच्यावर अशी औषधे वापरावीत. निदानाचा खर्च वाचविण्याच्या नावाखाली त्याच्या माथी दहापट किमतीच्या कुप्या मारणे ही दया नव्हे, ते त्याच्या असहायतेचा फायदा घेणे आहे. ‘हायर अँटिबायोटिक’ लावले असे ऐकले की नातेवाइकांना धीर येतो, हे आम्ही जाणतो. पण तो धीर खरा असावा ही जबाबदारी ज्याने औषध लिहिले त्याची आहे.

या सर्व मुद्द्यांपलीकडे एक मुद्दा असा आहे की, त्याला उत्तर देण्याचा प्रयत्नही या रीतीचे कैवारी करीत नाहीत. इतर रोगांची औषधे ज्याला दिली त्याच्यावरच परिणाम करतात. प्रतिजैविक मात्र ज्याला दिले त्याच्याबरोबर त्याच्या शेजारच्या खाटेवरील रोग्यावर, त्या वॉर्डात पुढच्या महिन्यात येणाऱ्या बाळंतिणीवर आणि तिच्या नवजात मुलावरही परिणाम करते, कारण औषधाच्या माऱ्यात जे जंतू तगून राहतात ते हातांवरून, नळ्यांवरून, सांडपाण्यावरून पुढे जातात. फ्लेमिंग यांनी डिसेंबर 1945 मधील आपल्या नोबेल व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेने जंतूंना औषध पचविण्याचे शिक्षण मिळते, असा इशारा दिला होता; आणि पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली स्थापन झाला, तेव्हा स्वतंत्र देशाने सामान्य माणसाला स्वस्त पेनिसिलीन देण्याची जी उमेद बाळगली होती, ती याच बेपर्वाईने आज धुळीस मिळत आहे. 2019 या एका वर्षात औषधप्रतिरोधी जंतूंमुळे जगात सुमारे 12.7 लक्ष माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये 2022 साली प्रसिद्ध झाला. आजच्या रोग्याचा जीव वाचविणे हे डॉक्टराचे पहिले कर्तव्य आहे, याबद्दल वाद नाही. पण आम्ही वर दाखविल्याप्रमाणे सरसकट जोडीने आजचाही रोगी अधिक वाचत नाही आणि उद्याचा मात्र मरतो. दोन्हीकडून तोटाच पदरी घालणाऱ्या या व्यवहाराचे समर्थन कोणत्या नीतीने करावयाचे?

म्हणून आमचा निकाल असा आहे की, जोड-प्रतिजैविक न देणाऱ्याकडून खुलासा मागण्याची आजची उलटी पद्धत मोडून, देणाऱ्याने कारण दाखवावे असा नियम रुग्णालयांनी स्वतःहून घालून घेतला पाहिजे. कोणता संसर्ग असल्याचा संशय आहे, रक्त अथवा अन्य नमुना पहिल्या मात्रेपूर्वी घेतला काय, ही जोडी एकेरी औषधाहून सरस ठरेल असे कोणत्या कारणाने वाटते, आणि फेरविचार कोणत्या दिवशी होईल, या चार ओळी केसपेपरवर लिहिल्याखेरीज ती कुपी फोडली जाऊ नये. सरकारने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जंतुपरीक्षेची चालती प्रयोगशाळा आणि तिला लागणारा प्रशिक्षित माणूस द्यावा, आणि ज्या मिश्रणांच्या पाठीशी चाचणी नाही त्यांचे परवाने न्यायालयीन खेळ संपण्याची वाट न पाहता फेरतपासणीस घ्यावेत. वाचकांस आमची विनंती एवढीच की, आपले माणूस रुग्णालयात असता सलाईनमधून कोणते मोठे इंजेक्शन लावले हे विचारण्याऐवजी, जंतू शोधण्यासाठी रक्त पाठविले काय आणि त्याचा निष्कर्ष केव्हा येणार, हे विचारावे. तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि प्रामाणिक डॉक्टर त्याने दुखावला जाणार नाही.